खाणी बंद, आम्ल सुरूच

महोदय,

मेघालयातील जैंतिया टेकड्यांत 'रॅट-होल', म्हणजे माणूस जेमतेम रांगत जाईल अशा अरुंद बोगद्यांच्या, कोळसा खाणींवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१४ मध्ये बंदी घातली. खाणी थांबल्या की ओढे आपोआप सुधारतील, ही समजूत मात्र चुकीची आहे.

तिथल्या कोळशात पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचे खनिज, भरपूर असते. (आपल्या चंद्रपूर-वणीच्या कोळशात गंधक बरेच कमी.) पायराइटला हवा-पाणी लागले की सल्फ्युरिक आम्ल तयार होते आणि जिवाणू हे काम झपाट्याने पुढे नेतात. उघडे खड्डे आणि कोळशाचे ढीग तसेच राहिले, तर कुदळ न मारताही आम्ल झिरपत राहते. सामू (pH) जितका कमी तितके पाणी आम्लधर्मी: सामू ३ असलेले पाणी सामू ७ च्या, म्हणजे उदासीन, पाण्यापेक्षा दहा हजार पट आम्लधर्मी. सामू ५ च्या खाली गेला की मातीतले ॲल्युमिनियम विरघळून माशांच्या कल्ल्यांवर बसते आणि मासे गुदमरतात. हेच पाणी खाली आसामात कोपिली जलविद्युत प्रकल्पाची यंत्रे कुरतडते.

उपाय चुनखडीचा, आणि ती तिथे मुबलक आहे. हिशेबाने एक किलो आम्लाला साधारण एक किलो शुद्ध चुनखडी लागते. पण ती उघड्या ओढ्यात नुसती ओतली, तर दगडांवर लोहाचा तांबूस थर चढतो आणि आतला चुना कामाला येत नाही. त्यासाठी पाणी खाणीतून बाहेर पडते तिथेच, त्याला हवा लागण्याआधी, चुनखडीने भरलेला चर हवा. वर प्लास्टिक आणि चिकणमाती. हवा नसल्याने लोह विरघळलेलेच राहते. पुढच्या उथळ तळ्यात हवा लागली की ते गाळ होऊन खाली बसते. पाण्यात प्राणवायू आधीच मिसळला असेल किंवा ॲल्युमिनियम जास्त असेल, तर असा चर तुंबतो. अशा ठिकाणी पाणी आधी कंपोस्टच्या थरातून आणि मग त्याखालच्या चुनखडीतून तळाच्या नळ्यांकडे न्यावे. कंपोस्टचा थर प्राणवायू खातो. ॲल्युमिनियमचा गाळ मात्र तिथेही साचतो, म्हणून तळाच्या नळ्या अधूनमधून धुण्याची सोय आराखड्यातच हवी.

सामू जागेवरच मोजावा, मीटर ४ आणि ७ च्या द्रावणांवर जुळवून. बाटलीत लोहाचे ऑक्सिडीकरण सुरूच राहते आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत आकडा घसरलेला असतो. नमुने हिवाळ्यातही घ्यावेत; पावसाळ्यात पाणी वाढल्याने आम्ल पातळ होते आणि चित्र फसवे दिसते.

खड्डे बुजवणे, ढीग झाकणे आणि निदान दहा वर्षांची देखभाल, या तिन्ही बाबी एकाच निविदेत असाव्यात, अशी आमची मागणी आहे.

– दोन वाचक, नागपूर