आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: निपाणीच्या मावशींची भीती कोणत्या भाषेत ऐकायची?

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य यांस,
सविनय नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. शाळा मराठीतून झाली, क्लिनिकल सायकॉलॉजी बेंगळुरूत शिकले. कॅन्सरच्या रुग्णांना वाटणारी मरणाची भीती हा माझा कामाचा विषय. विड्या वळून घर चालवलेल्या निपाणीच्या एक मावशी मला म्हणाल्या होत्या, "डोळं मिटलं की सरणच दिसतंय बघ, बाई." गोळ्यांनी झोप आली. भीती शेवटपर्यंत गेली नाही.

याच भीतीवर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ५१ कॅन्सर रुग्णांना सायलोसायबिन देऊन अभ्यास केला. हे भास घडवणारं द्रव्य काही विशिष्ट अळंबीत असतं (आमच्या रानातली पावसाळी खायची अळंबी वेगळी). २०१६ साली निकाल छापून आले. सहा महिन्यांनंतरही सुमारे ८० टक्के रुग्णांची उदासी आणि चिंता बरीच उतरलेली होती.

हे नुसत्या औषधाने झालं नाही. आधी कित्येक तास बोलून विश्वास कमवायचा, औषधाच्या दिवशी सहा-आठ तास शेजारी बसून राहायचं, आणि पुढच्या भेटींत जे दिसलं, जे रडू फुटलं, त्याचा अर्थ रुग्णासोबत लावायचा. त्या मावशींनी सरणाची गोष्ट दुभाष्याला मध्ये बसवून सांगितली असती का?

या विषयावर संशोधनाचा प्रस्ताव दिला तेव्हा "नशेच्या नादाला लागू नकोस" म्हणून तो परत आला. मला फार लागलं ते. अमली पदार्थांवरच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत सायलोसायबिन आहे हे मला ठाऊक आहे. कुणीही ते स्वतःहून घेऊ नये, घरात स्किझोफ्रेनियाचा इतिहास असेल तर मुळीच नको, हे मीच लोकांना सांगते. पण त्याच कायद्याच्या कलम ८ ने वैद्यकीय आणि शास्त्रीय कामाला वाट ठेवली आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना हे औषध देऊ दिलं. अमेरिकेने २०२४ मध्ये एमडीएमए हे मनावर परिणाम करणारं दुसरं द्रव्य मात्र आणखी चाचणी करा म्हणून परत पाठवलं. दोन्हीकडे आधी अभ्यास झाला होता.

साहेब, धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था राज्य सरकारचीच आहे. तिथे असा अभ्यास व्हावा म्हणून आपण केंद्राकडे शिफारस करा. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारे मानसशास्त्रज्ञ नेमा. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देण्याची तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे.

माझा प्रस्ताव अजून माझ्याकडे आहे. आपण बोलावलंत तर तो घेऊन मी बेंगळुरूला येईन.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट