पाण्याची पाळी

कोल्हापूर
रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रोज फोन होतो, तरी आज पत्र लिहायला बसले आहे. फोनवर आई "जेवलीस का, पोरगं जेवलं का" यातच अडकते आणि बाबा, तुम्ही दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणता. मला जे सांगायचं आहे ते तेवढ्यात मावत नाही. बाबा, आईला हे वाचून दाखवाल तेव्हा मधलं काही गाळू नका. पुढं तुमच्याबद्दल आहे, तेही वाचा.

गेल्या मंगळवारी तुमच्या नातवाच्या शाळेत पालकसभा होती. तिथं मला शाळा व्यवस्थापन समितीवर घेतलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ही समिती सांगितली आहे. चारातले तीन सदस्य पालक असायला लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. शाळेचं काम नीट चाललंय का ते बघायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा, आलेला निधी कुठं खर्ची पडला ते विचारायचं, एवढा अधिकार पालकांच्या हातात दिला आहे. पण सभेची वेळ होती सकाळी अकराची. वर्गात मुलं ३४, आलेले पालक ९. आठ आया आणि एक आजोबा. कुणीतरी म्हणालं, "पालकांना पडलेलीच नाही. पोरगं शाळेत टाकलं की यांची जबाबदारी संपली."

ते वाक्य मला फार लागलं. आमच्या मागच्या गल्लीतली एक आई शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला जाते. तिनं अकराला शाळेत यायचं म्हणजे अख्खा खाडा. एकाचा बाप फौंड्रीत रात्रपाळी करून सकाळी आठला घरी येतो. एकजण रिक्षा चालवतो, दुपारपर्यंत धंदा झाला नाही तर दिवसाचं भाडंही सुटत नाही. त्यांना पडलेली नाही असं कुणी कसं म्हणू शकतं? मला तिथं बसल्या बसल्या तुमचे चिखलाचे पाय आठवले, बाबा.

मी चौथीत होते. दिवाळीनंतर आमच्या गुरुजींची बदली झाली आणि जागेवर कुणी आलंच नाही. तिसरी आणि चौथी एका खोलीत कोंबलेली, स्कॉलरशिपची परीक्षा तोंडावर. मी घरी येऊन नुसतं म्हणाले होते, "आज पण काय शिकवलं नाही." दुसऱ्या दिवशी आपल्या उसाच्या खोडव्याला पाण्याची पाळी होती. ती अर्धवट टाकून तुम्ही तसेच रानातून शाळेत आलात. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. आत आला नाहीत. वर्गाच्या उंबऱ्यावर बसलात आणि मधल्या सुट्टीपर्यंत नुसतं बघत राहिलात. मला लाज वाटत होती. पोरं माझ्याकडं बघून हसत होती.

तुमची शाळा चौथीपर्यंतची. गुरुजी बरोबर शिकवतात की चूक, ते तुम्ही सांगू शकला नसतात. पण मोजता येत होतं. संध्याकाळी घरी येऊन तुम्ही आईला म्हणालात, "तीन तासांत चौथीच्या पोरांकडं गुरुजी दोनदाच बघाय आले." मग मला वही आणायला सांगितलीत. तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेले, तालुक्याला द्यायचा अर्ज. "आमच्या मुलांचे वर्ष वाया जात आहे" हे वाक्य मी तीनदा खोडून चौथ्यांदा नीट लिहिलं. खाली तुमची सही आणि गल्लीतल्या पाच जणांचे अंगठे. तो अर्ज घेऊन तुम्ही किती वेळा तालुक्याला गेलात, मला आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल. नवे गुरुजी आले तेव्हा परीक्षेला दोन आठवडे उरले होते, आणि मला स्कॉलरशिप काही मिळाली नाही. पण खालच्या वर्गातल्या पोरांना पुढं पूर्ण वेळ गुरुजी मिळाले. पाणी चुकलं ते चुकलंच, पुढची पाळी येईस्तोवर खोडवा पिवळा पडला. आई चिडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "ऊस फुटंल परत. पोरीचं वरीस कुठनं आणायचं?"

आई, आता तुझ्याबद्दल. तुला अक्षर येत नाही म्हणून तू लोकांसमोर मागं मागं राहतेस. पण मला वाचायला तू शिकवलंस. तू चुलीपुढं भाकरी थापायचीस आणि मी शेजारी बसून धडा मोठ्यानं वाचायचा, रोज, तोच धडा दोन-दोन, तीन-तीन दिवस. कंटाळून मी एकदा मधला परिच्छेद गाळला. तू तव्यावरची भाकरी उलटत म्हणालीस, "काल हितं राजाला ताप आला हुता. आज कुठं गेला?" माझा घसा कोरडा पडला. तुला पुस्तक दिसत नव्हतं, पण कालचा धडा तुझ्या कानात होता. त्यानंतर तुझ्यासमोर ओळ चोरायची हिंमत झाली नाही.

आणि दूध संस्थेची पावती. रोज संध्याकाळी म्हशीचं दूध घालून आले की तू विचारायचीस, "फॅट किती लागली?" मी वाचायची, सहा पूर्णांक आठ. "काल?" सहा पूर्णांक पाच. "मग किती वाढली?" शाळेत दशांश अपूर्णांक आले तेव्हा वर्ग गोंधळून गेला होता आणि मी गप्प बसून गणितं सोडवत होते, कारण माझ्यासाठी ती आपल्या म्हशीची फॅट होती. बिल आलं की तू बोटांवर हिशोब करायचीस आणि मी वहीत. दोन्ही जुळेपर्यंत उठायचं नाही.

हे सगळं मी विसरले होते असं नाही. पण त्याला शिक्षणातला तुमचा वाटा म्हणतात, हे मला कळत नव्हतं. आता स्वतः आई झाल्यावर मी काय करते ते सांगते. मागच्या महिन्यात पोराला जलचक्राचा तक्ता करायचा होता. रात्री साडेअकरापर्यंत बसून मी तो केला. ढग कापसाचे, नदी निळ्या कागदाची. पोरगं झोपलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, वाफ वर कशामुळं जाते? त्याला सांगता आलं नाही. तक्ता मात्र भिंतीवर लागला. पालकांच्या गटावर बाकीच्या आयांनी कौतुक केलं. मला वाटलं, हे आपण कुणासाठी केलं? तू माझ्यासाठी एक अक्षर लिहिलं नाहीस, आई, आणि माझं प्रत्येक अक्षर ऐकलंस. मी त्याचं सगळं लिहिते आणि ऐकायला मला वेळ नसतो.

बाबा, आता ते. बारावीला मी कोल्हापुरात राहून शिकत होते. शनिवारी घरी आले की तुम्ही नेहमीसारखं विचारायचात, "आज काय शिकवलं?" एका शनिवारी फिजिक्सचा पेपर वाईट गेला होता आणि मी तुमच्यावर ओरडले, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" तुम्ही काही बोलला नाहीत. टोपी घातलीत आणि रानात गेलात. त्या दिवसापासून तुम्ही मला तो प्रश्न कधीच विचारला नाहीत. कॉलेजात नाही, नोकरी लागल्यावर नाही. मला माफ करा. तुम्हाला कळावं म्हणून तुम्ही विचारत नव्हता, मी सांगावं म्हणून विचारत होता. सांगताना मला माझंच कळत होतं. हे समजायला मला इतकी वर्षं लागली.

मी लहान असताना कोल्हापूरला यायचो तेव्हा दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याला हात जोडून तुम्ही दर वेळी तीच गोष्ट सांगायचात. महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि जो पालक पोराला शाळेत धाडणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. आजच्या शिक्षण हक्क कायद्यात तसा दंड नाही. मुलाला शिक्षणाची संधी देणं हे आईबापाचं कर्तव्य म्हणून २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं मूलभूत कर्तव्यांत घातलं आहे. दंड यावा असं मला वाटत नाही. पण महाराजांनी नुसता दंड लावला नव्हता. फी माफ केली, याच चौकाच्या आजूबाजूला जातीजातीच्या पोरांची वसतिगृहं उभी राहिली. आधी वाट करून दिली आणि मग जाब विचारला. आम्ही सभा अकराला ठेवतो आणि आले नाहीत म्हणून नावं ठेवतो.

म्हणून मी समितीत मांडलं की सभा संध्याकाळी सातला ठेवा, आणि ज्या घरी आईबाप कामावर असतात तिथल्या आजी-आजोबांनाही बोलवा. मुख्याध्यापिका बाई आधी गप्प राहिल्या. शाळा सातला उघडी ठेवायची तर शिपाई कोण थांबणार, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. शेवटी, एकदा करून बघू म्हणाल्या. शिपायाबरोबर मी थांबेन, असं मी सांगितलं आहे.

येत्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी ती सभा आहे. तुम्ही दोघं आदल्या दिवशीच या. शेवटच्या एसटीची घाई नको, दुपारच्या गाडीनं निघा. म्हशीचं दूध काकू बघतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. बाबा, शनिवारी सकाळी शाळा असते, तुम्ही तासभर वर्गाच्या दारात बसा. बाईंना विचारून ठेवलं आहे. आणि संध्याकाळी नातवाला तुमचा प्रश्न विचारा. मी शेजारी बसून ऐकणार आहे.

आई, आजी पुस्तक न बघता गाळलेली ओळ ओळखते, असं मी त्याला सांगितलं. त्याला खरं वाटत नाही. तुला फसवायचं म्हणून तो आत्तापासून धडा पाठ करतोय.

तुमची,
लेक