मनूचं औषध का बदललं

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, काल तुम्ही विचारलंत, "गोळी लागू पडत होती ना, मग बदलली कशाला?" मनू शेजारीच बसली होती, म्हणून नीट बोलता आलं नाही.

एल्ट्रोम्बोपॅग आधी छान लागू पडली, पण नंतर डोस वाढवूनही प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, 20,000 च्या आसपासच घुटमळायला लागल्या. निरोगी माणसात त्या दीड लाखाच्या वर असतात. आयटीपीत, म्हणजे मनूच्या या आजारात, शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्सना परकं समजतं आणि प्लीहेत त्या नष्ट होतात. बहुतेक मुलांचं हे दुखणं वर्षभरात आपोआप जातं, मनूचं रेंगाळलं. स्टिरॉइड वर्षानुवर्षं द्यायचं नाहीये, त्यात उंची खुंटते. आई, स्टिरॉइडने सुजलेले तिचे ते गाल बघून तू म्हणाली होतीस, "बाळसं धरलंय पोरीनं."

आता रोमिप्लॉस्टिम सुरू केलंय. आठवड्यातून एकदा त्वचेखाली इंजेक्शन. दोन्ही औषधं अस्थिमज्जेला जास्त प्लेटलेट्स बनवायला लावतात, पण मज्जेतल्या पेशींवर ती चिकटतात वेगवेगळ्या जागी. त्यामुळे एकाने भागलं नाही तरी दुसऱ्याने भागू शकतं. तेव्हा औषध बदललं म्हणजे आजार बळावला, असं मनात आणू नका. डोस वजनावर ठरतो, थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवतात आणि दर आठवड्याला रक्त तपासतात. तोवर आकडा वर-खाली होणारच.

मनूला सुई आवडत नाही (कुणाला आवडते?), पण दुधाचं वेळापत्रक सुटलं म्हणून स्वारी खूश आहे. त्या गोळीच्या आधी चार तास आणि नंतर दोन तास दूध-दही बंद असायचं.

एक मात्र ऐका. फोन उचलल्या उचलल्या "पेशी किती आल्या?" हे तिच्यासमोर नको. हल्ली ती रिपोर्ट परीक्षेच्या मार्कांसारखा सांगते, "आजी, या वेळी कमी पडले गं." आकडा मी तुम्हाला वेगळा कळवत जाईन.

सुट्टीत ती तुमच्याकडे येईल तेव्हा तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन अजिबात नको. पायावर दाबूनही न जाणारे बारीक लाल ठिपके दिसले तर फोटो पाठवा, मी डॉक्टरांना विचारते. डोक्याला मार लागला, तर ती हसत-खेळत असली तरी आधी तिला हॉस्पिटलमध्ये न्या आणि मला वाटेतून फोन करा.

तुमची,
ताई