केबल आली, स्वस्ताई का नाही?

विकसनशील देशांत ब्रॉडबँड महाग का, असे विचारले की ‘कंपन्या वाढवा’ हे उत्तर लगेच मिळते. ते अपुरे आहे. २००९ पर्यंत पूर्व आफ्रिकेचा बाहेरच्या जगाशी संपर्क मुख्यतः महागड्या उपग्रहांवर होता. त्या वर्षी ‘सीकॉम’ ही समुद्राखालची केबल आली आणि घाऊक बँडविड्थ, म्हणजे इंटरनेट कंपन्या ठोक विकत घेतात ती डेटा वाहून नेण्याची क्षमता, स्वस्त झाली. पण केबलचे किनाऱ्यावरचे केंद्र किंवा देशांतर्गत फायबर एकाच कंपनीच्या मुठीत असेल, तर हा फायदा ग्राहकाच्या दारापर्यंत पोहोचत नाही. चार कंपन्या एकाच मालकाकडून बँडविड्थ घेत असतील, तर स्पर्धा फक्त बिलावरच्या नावांची! समुद्रकिनारा नसलेल्या देशांना तर शेजाऱ्यांच्या हद्दीतूनच केबल आणावी लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने प्राथमिक सेवेचा खर्च मासिक दरडोई उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. मात्र दरडोई ही सरासरी. गरीब कुटुंबाला तेच बिल कितीतरी जड जाते. म्हणून नियामकांनी परवाने वाटून थांबू नये. खांब, भूमिगत नळ्या आणि किनाऱ्यावरची केंद्रे सर्व कंपन्यांना समान दराने वापरू देण्याची सक्ती करावी, आणि ते घाऊक दर जाहीर करावेत.

— एक वाचक