डाव्या बुटाचा सोल

साखळी, रविवार रात्र

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच ठेवला. तू म्हणालास, "बाबा, तुमचे बूट कामावर फुटले, सगळे हसले," आणि माझ्या तोंडून गेलं की तुला वस्तू सांभाळता येत नाहीत. ते चुकलं. धाकटीने आज चिखलीहून येताना त्या फुटलेल्या बुटांची पिशवी आणली. सोलचा तुकडा बोटांत धरला तर चहात बुडवलेल्या टोस्टासारखा त्याचा चुरा झाला.

बाजारातल्या मोच्याला दाखवला. तो म्हणाला, हा पीयूचा सोल, म्हणजे पॉलीयुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा. घाला की नुसते ठेवा, काही वर्षांनी हवेतली ओल त्याला आतून खाते. आणि तुम्ही तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेत. वर डांबराच्या गोळ्यासुद्धा घातल्या होत्या, ते मी त्याला सांगितलं नाही. पावसानंतर खाण सुरू होईल म्हणून २०१२ साली वाटलेले बूट ते. सप्टेंबरात सगळ्याच खाणी बंद झाल्या. २०१५ त काही सुरू झाल्या, मला बोलावणं आलं नाही. तरी बूट ठेवले. एकदाही पायात घातले नव्हते रे.

तर आज तुझ्या पायात काय आहे? धाकटी म्हणते स्पोर्ट शूज. कंत्राटदार पुढच्या महिन्यात बूट देणार म्हणे. महिनाभर लोखंड तुझी वाट बघत थांबणार आहे का? वेल्डिंगची एक ठिणगी त्या जाळीच्या कापडावर पडली की ते पायाला चिकटतं.

बरं, ओरडत नाही. उद्या संध्याकाळी वास्कोच्या बाजारात जा. संध्याकाळीच, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असतात तेव्हा. कामावर घालतोस ते जाड मोजे घालून बघ. पुढे बोटं हलली पाहिजेत आणि चालताना टाच उचलता कामा नये. आत आय.एस. १५२९८ हा आकडा आणि आयएसआय मार्क बघ. बोटांवरच्या कडक टोपीवर २०० जूल लिहिलेलं असेल, म्हणजे वीस किलोचं वजन मीटरभरावरून पडलं तरी बोटं वाचावीत. एकदा असा मार बसला की मात्र ते बूट टाकायचे, वरून कितीही चांगले दिसोत. चामडं अंगठ्याने दाबून बघ. अस्सल असेल तर बारीक सुरकुत्या पडतात. वरून रंगाचा थर फासलेलं असलं तर दोन-तीन महिन्यांत बोटांच्या घडीवर तडकतं. तुला तापलेल्या प्लेटवर उभं राहावं लागतं, म्हणून सोल नायट्राइल रबराचा माग. आणि शिवलेला मिळाला तर तोच घे, झिजला की मोची दुसरा लावून देतो. ओतलेला सोल गेला की बूटच गेला. आपलं तसंच झालं.

पँट बुटाच्या वर सोड, आत खोचू नको. ओले झाले तर कागद कोंबून पंख्याखाली ठेव, उन्हात नको.

माझ्या डाव्या पायाचं तुला नव्याने काय सांगू. लहानपणी तू ओसरीवर बसून माझी बोटं मोजायचास, आठच भरायची म्हणून परत पहिल्यापासून सुरुवात. त्या दिवशी डोझरच्या चेनची प्लेट निसटली तेव्हा माझ्या पायात कॅनव्हासचे बूट होते. तेही "या महिन्यात चालवून घे" म्हणून. तुला मी हे कधी सांगितलं नव्हतं, तू विचारलंसही नाहीस. पुढे माझे खाणीतले बूट घालून तू अंगणभर फिरायचास, गुडघ्यापर्यंत यायचे तुला, तुळशीपाशी हमखास पडायचास. आई लाल मातीवरून ओरडायची, तुझ्यावर नाही, माझ्यावर.

तू पहिल्या पगारात आईला मिक्सर आणलास. आल्यागेल्याला दाखवते ती. मीही दाखवतो, गिऱ्हाइकाला गॅरेजातून घरात बोलावून. पण बाळा, तेव्हा आधी बूट घ्यायला हवे होतेस. झालं, पुन्हा तेच. वय झालं माझं, दुसरं काय.

आत्या मंगळवारी दाबोळीला येते आहे. तिच्याकडे आईने सुकी सुंगटं आणि पेजेसाठी उकडे तांदूळ दिले आहेत. तांदळाच्या डब्यात तळाशी कागदात गुंडाळलेले अडीच हजार आहेत. आईला माहीत नाही, फोनवर बोलू नको. पण पैशांसाठी मंगळवारपर्यंत थांबू नको, उद्या खोलीतल्या मित्राकडून उसने घे.

मला फोन करायचा नसेल तर करू नको. बूट पायात घालून फोटो धाकटीला पाठव. दोन्ही पाय दिसू देत.

तुझा,
बाबा