वरंध घाटातल्या मैलकुली दादांना

स.न.वि.वि.

भोर-महाड रस्त्याने पावसाळ्यात गाडी नेणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून, रस्त्याची देखभाल करणाऱ्या तुम्हा मैलकुलींचे मनापासून आभार. दरड पडली की जेसीबीचे फोटो सगळीकडे फिरतात. तुम्ही मेअखेर रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोरीचं तोंड मोकळं केलंत म्हणून जो रस्ता जुलैत खचला नाही, त्याचा फोटो कुणी काढत नाही. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, पण या रस्त्याने जाणाऱ्या इतरांनीही वाचावं म्हणून सविस्तर लिहितोय.

हा सगळा डोंगर लाव्ह्याचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेले. काळा दगड टणक, पण त्याला उभ्या भेगा. दोन थरांच्या मधे कुठे कुठे लाल मातीचा पट्टा. पावसाचं पाणी भेगांतून उतरतं, लाल मातीवर अडतं आणि आडवं सरकत रस्त्यासाठी कापलेल्या कड्यातून बाहेर येतं. माती भिजून झिजली की वरच्या दगडाचा आधार जातो आणि अख्खा ठोकळा सुटतो. पाऊस उघडून ऊन पडल्यावरही दगड येतात ते यामुळेच. आतलं पाणी अजून वाहत असतं. डोंगर उतारावरचा मुरूम आणि माती भिजून एकदम सरकली तर काय होतं, ते २२ जुलै २०२१ ला याच महाड तालुक्यातल्या, दरडीखाली गाडल्या गेलेल्या तळिये गावात दिसलं.

तुमच्या कामाची खरी किंमत दरीच्या बाजूला कळते. डोंगराकडचं गटार पालापाचोळ्याने आणि एखाद्या दगडाने तुंबलं, की पाणी डांबरावरून आडवं जातं. आधी साइडपट्टी खाल्ली जाते. मग संरक्षक भिंतीमागचा भराव पाणी पितो, आणि भिंतीतली पाणी जाण्याची भोकं बुजलेली असली तर ते पाणीच भिंतीला बाहेर ढकलतं. वरून डांबर शाबूत दिसतं, खाली पोकळ झालेलं असतं. रस्त्याला समांतर, दरीच्या बाजूने गेलेली बारीक चीर दिसली की तुम्ही तिथे दगड मांडून लाल कापड लावता. ते दगड वाटेत आले म्हणून बाजूला सारणाऱ्यांना काय म्हणावं! अवजड वाहनं बंद ठेवतात तीही याच भरावाच्या भीतीने.

पाणी कसं वाचायचं हेही तुमच्याकडूनच शिकायला मिळालं. झऱ्याचं पाणी एकाएकी लालसर गढूळ झालं, किंवा भर पावसात वाहता ओहोळ अचानक आटला, तर वर काहीतरी सरकलंय किंवा अडलंय. बारीक खडे टपटपू लागले तर थांबायचं नाही आणि पुढेही जायचं नाही, मागे फिरायचं. ते खडे ऐकू यावेत म्हणून काच बोटभर उघडी आणि गाणी बंद. कापलेल्या कड्याखाली किंवा धबधब्याशी गाडी उभी करायची नाही, आणि भिजलेल्या साइडपट्टीवरही चाक घालायचं नाही.

बाकी आमच्या हातातलं. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, नाहीतर ब्रेक तापून लागत नाहीत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. धुक्यात लाइट खालचा, कारण वरचा झोत धुक्यावरून उलटून डोळ्यांवर येतो. चारही इंडिकेटर लावून गाडी हाकायची नाही. वळणार कुठे ते मागच्याला कळत नाही. काच आतून धुरकटली तर एसी लावून बाहेरची हवा घ्यायची. रस्त्यावरून वाहतं पाणी अर्ध्या चाकाच्या वर असेल तर थांबायचं, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत कोरडे करायचे. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल, म्हणजे २४ तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पावसाची शक्यता, तर घाटात यायचंच नाही. त्या दिवशी आमच्यामागे तुम्हालाही भिजत यावं लागतं.

घाटातल्या वाघजाईच्या देवळापाशी भजी खाऊन फेकलेल्या पिशव्या आणि बाटल्या वाहत तुमच्याच मोरीत अडकतात, हे आम्ही पाहिलंय. यंदा आमच्या गाड्यांतला कचरा गाडीतच राहील. पंक्चर काढताना चाकामागे लावलेला दगडही निघण्याआधी आम्हीच उचलून कडेला ठेवू.

आपले,
घाटातून जाणारे गाडीवाले