‘मिस्त्रींना फोन दे’ म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

माझ्या वडिलांचं, आबांचं, गिअरचे दात कापणारं जुनं जर्मन हॉबिंग मशीन पुन्हा चालू झालं. गिअर फिरवणाऱ्या टेबलाचा झटका गेला, दातांचं माप बसतंय, पहिला लॉट पासही झाला. फोनवर हे सांगितलं, पण तेव्हा गळा दाटून आला आणि पुढं बोलताच आलं नाही. म्हणून हे पत्र. ते चारचौघांसमोर लिहितेय, कारण तुम्ही कसे वागलात हे या धंद्यातल्या लोकांना कळायला हवं.

तुमच्याआधी ज्यांच्याकडं गेलो त्यांचंही सांगते. या मशीनच्या कंपनीचं काम आज जे अधिकृतपणे बघतात, त्यांचा इंजिनिअर आला. मशीनभोवती फिरला, मोबाइलवर फोटो काढले. आमच्या मिस्त्रींची उभी हयात या हॉबिंग मशीनवर गेलीय. ते शेजारी उभं राहून सांगत होते, खोड वर्ममध्ये, म्हणजे टेबल फिरवणाऱ्या आट्यांच्या दांड्यात आहे. त्यांच्याकडं त्यानं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. व्हिजिट चार्ज भरून घेतला आणि नंतर ईमेल आला: मॉडेल बंद झालंय, स्पेअर मिळणार नाहीत, सोबत नव्या मशीनचं कोटेशन. दुसऱ्या एकानं जुना वर्म मोजून नवा कापून दिला. तो बसवला तर टेबलच जाम. ‘जर्मन मशीन आहे, असंच होणार,’ म्हणून त्यानंही हात झटकले.

मग आबांच्या जुन्या डायरीवरून शोधत शोधत तुमच्यापर्यंत पोचले. तुम्ही नव्वदी ओलांडलेली, हे मशीन विकणारी एजन्सी सोडून किती वर्षं झालेली. मी आबांचं नाव सांगितलं, मशीनचं मॉडेल सांगितलं, रडगाणं सुरू केलं. तुम्ही मधेच थांबवलंत. ‘बाळ, तुझं नंतर ऐकतो. मशीनवर कोण असतं? मिस्त्रींना फोन दे.’

काका, एवढ्याशा गोष्टीसाठी मी हे सगळं पत्र लिहितेय.

मिस्त्रींनी कॉटन वेस्टला हात पुसले आणि फोन घेतला. तुम्ही समोर उभे असल्यासारखे ताठ उभे राहिले. तुम्ही त्यांना ‘अहो मिस्त्री’ म्हणालात. झटका एका फेरीत किती वेळा येतो, सगळीकडं सारखा की एकाच जागी, नवा वर्म दातांच्या दोन्ही अंगांनी मोजला होता का, असं एकेक विचारत गेलात आणि प्रत्येक उत्तर पुरतं ऐकून घेतलंत. मिस्त्री म्हणाले, एकाच अंगानं मोजला. तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘मग तुमचं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.’ फोन ठेवल्यावर मिस्त्री मला एवढंच म्हणाले, ‘साहेबांनी मला इचारलं.’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. या मशीनचा वर्म ड्युअल लीडचा आहे. दाताच्या दोन्ही अंगांचा लीड, म्हणजे एका फेरीत आटा जेवढा पुढं सरकतो ते अंतर, वेगळा, त्यामुळं दात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं किंचित जाड होत जातो. झीज झाली की वर्म आसाच्या दिशेनं जरा सरकवायचा, ढिलाई निघून जाते. एकाच अंगाचं माप घेऊन साधा वर्म कापला की टेबल अडकणारच. दोन्ही लीडचं माप असलेला अमोनिया प्रिंट, म्हणजे ड्रॉइंगची जुन्या पद्धतीची नक्कल, तुमच्या फायलीत होता, पेन्सिलीच्या खुणांसकट. तो तुम्ही कुरिअरनं धाडलात. पैसे विचारले तर रागावलात.

आबा तुमच्याबद्दल जे सांगायचे ते आता मला नीट कळतंय. देश नवा होता. १९५७-५८ पासून परकीय चलनाचा ठणठणाट, यंत्र आणायचं तर इम्पोर्ट लायसन्स, आणि त्यासाठी ते देशात बनत नाही हे आधी पटवून द्यायचं. आबा पुण्याला गाडी बदलून मुंबईला यायचे आणि फोर्टातल्या तुमच्या ऑफिसात बसायचे. त्यांना लेथही परदेशीच हवा होता. परदेशी माल विकून पोट भरणारे तुम्ही, पण म्हणालात, ‘लेथ बेंगळुरूच्या सरकारी एचएमटीचा घ्या, चांगला आहे. चलन हॉबिंगसाठी राखा.’ त्या लेथवर तुम्हाला दमडी मिळणार नव्हती.

मग ६ जून १९६६. रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. मशीनची किंमत ४०,००० जर्मन मार्क. आदल्या दिवशी ते ४७,६०० रुपये होते, एका रात्रीत ७५,००० झाले. आबांनी ऑर्डर सोडून द्यायचं ठरवलं होतं. तुम्ही तुमचं कमिशन सोडलंत आणि जर्मनीला पत्रामागून पत्रं लिहून किंमत उतरवून घेतलीत. उरलेली रक्कम आबांनी कर्ज काढून उभी केली. त्या मशीनवर आमचं घर उभं राहिलं, माझं शिक्षण झालं.

तुमच्यासारख्यांना तेव्हा लोक सरसकट ‘परदेशी कंपन्यांचे दलाल’ म्हणायचे. आबांना ते कधीच सहन झालं नाही. लार्सन आणि टुब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरांनी १९३८ साली मुंबईत सुरुवात केली तीही परदेशी यंत्रांच्या एजन्सीवरच, हे ते कुणालाही ऐकवायचे. युद्धात डेन्मार्कचा माल थांबला तेव्हा त्यांनी इथंच वर्कशॉप काढलं. तुम्ही कारखाना काढला नाहीत. पण यंत्र विकल्यावर ते चालतंय का, चालवणाऱ्याला ते कळलंय का, ही काळजी तुम्ही आपली मानलीत, आणि विक्रीच्या कागदांबरोबर ती संपवली नाहीत. आज ईमेलला ‘पार्ट नंबर कळवा’ एवढंच उत्तर येतं तेव्हा ही साधी माणुसकी किती दुर्मीळ झालीय ते कळतं.

आता दोन विनंत्या. इथल्या कारखान्यांच्या वस्तीत, उद्यमनगरात, याच मॉडेलची आणखी मशीनं झिजलेल्या वर्मवर रडतखडत चालतायत. तुमची हरकत नसेल तर प्रिंटची नक्कल त्यांनाही द्यावी म्हणते. आणि खंडेनवमीला वर्कशॉपात मशीनची पूजा असते. मिस्त्रींचा हट्ट आहे की या वर्षी नारळ तुमच्या हातून फुटावा. तब्येत साथ देत असेल तर कळवा, मी स्वतः गाडी घेऊन न्यायला येते.

आपली,
आबांची लेक
कोल्हापूर